यतीनचे मटार आणि मटारचोर

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या तमाम मराठी माणसांना यतीन शेती शिकवणार होता! गावाच्या सामायिक बागेत, म्हणजे कम्युनिटी गार्डनमध्ये, दोन खाटा जेमतेम मावतील एवढा तुकडा त्याला मिळाला आणि त्याच दिवसापासून तो त्याला 'माझं शेत' म्हणायला लागला. घरातली तुळस त्याच्याच हातून वाळली होती, पण तो मुद्दा वेगळा.

महाराष्ट्र मंडळाचं पॉटलक म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा. मंडळाच्या ग्रुपवर त्याने जाहीर करून टाकलं, "मे महिन्याच्या पॉटलकला मटारची उसळ माझ्या शेतातली!"

मंडळाचे अध्यक्ष चारुदत्तकाका, रिटायर्ड डॉक्टर, लगेच हुरळले. "उसळ जमली तर स्टेजवर सत्कार करू तुझा!" झालं! यतीनने सत्कारासाठी नवा कुर्तासुद्धा मागवला.

वेल चढले, फुलं आली, शेंगा लागल्या. हिरव्यागार, पण पापडासारख्या चपट्या. शेजारच्या वाफ्यातली बार्बरा रोज सांगायची, "हनी, दीज आर रेडी! पिक देम!"

"नो नो, आय ॲम वेटिंग!" यतीन म्हणायचा आणि घरी येऊन बायकोकडे धुसफुसायचा, "रुचा, त्या बाईचा डोळा आहे माझ्या शेंगांवर. दाणा भरायच्या आत तोडायला सांगतेय!"

"अरे, ती जन्मभर भाज्या लावतेय. ऐक ना जरा तिचं."

"मटार सोलण्यात बालपण गेलंय माझं! शेतीतलं तुला काय कळतं?"

एवढ्या मोठ्या कृषितज्ज्ञापुढे रुचा काय बोलणार?

आणि मग शेंगा कमी व्हायला लागल्या! चोरी! पुराव्याशिवाय आरोप करणं यतीनच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्याने बार्बराला फक्त 'गुड मॉर्निंग' म्हणणं बंद केलं. वाफ्याच्या खांबाला कॅमेरा ठोकला आणि त्याची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. 'मटारचोर लाइव्ह पकडू या!'

शनिवारी सलूनमध्ये त्याचे अर्धे केस कापून झाले होते, तेवढ्यात काकांचा फोन आला.

"यतीन, चोर आलेत रे! दोघी आहेत. एक तुझी बार्बरा."

"बघा! मी म्हणालो नव्हतो?"

"आणि दुसरी रुचा. टोपली तिच्याच हातात आहे."

ग्रुपवर हसणाऱ्या इमोजींचा पूर आला. यतीन तसाच अर्ध्या केसांनी घरी धावला. रुचा निवांत शेंगांच्या शिरा काढत बसली होती.

"ही शेंग सालासकट खायची जात आहे," ती म्हणाली. "जून झाली की चरबट लागते. आणि तोडली नाही तर वेल नवीन शेंगा धरत नाही. बार्बरा तुला रोज हेच तर सांगत होती!"

"मग मला न सांगता कुठे नेल्यास त्या?"

"तुझ्याच डब्यात! लसूण आणि तीळ घालून केलेली भाजी कसली होती? 'इंडियन स्टोअरमध्ये काय मस्त भाजी येते यार' म्हणत बोटं चाटत होतास!"

दुसरा कोणी असता तर शरण गेला असता. यतीनने मात्र एका कोपऱ्यातल्या शेंगांना हात लावू दिला नाही. पॉटलकच्या दिवशी त्या सोलल्या. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पण दाणे काही बधेनात. मंडळातल्या नरेंद्रने पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि दाढ चाचपत बाहेर गेला. रुचाची शेंगांची भाजी तोवर संपलीसुद्धा होती.

सत्कार रुचाचा झाला. बार्बरालाही शाल मिळाली. टाळ्या थांबल्यावर काका यतीनजवळ आले आणि त्यांनी त्याच्या हातात नारळ ठेवला. नवा कुर्ता सावरत यतीन वाकला, फोटो काढणाऱ्याकडे बघून हसलासुद्धा.

"अरे, पाया काय पडतोस?" काका म्हणाले. "फोडून आण पटकन. मसालेभातावर खोबरं कमी पडतंय!"