शेजार लावणारा धुरी

"तुमच्या दोघांत भांडतं कोण?"

आम्ही जोगेश्वरीला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा एजंटाने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, पण परक्या माणसासमोर कोण कबूल करणार? "कोणीच नाही," असं आम्ही एका सुरात सांगितलं. एजंटाचा चेहरा पडला.

"मग तिसरा मजला बघा," तो म्हणाला. "दुसऱ्यावरचा भांडणाऱ्या माणसासाठी ठेवलाय. तिथून गेट दिसतं आणि आवाज वर टाकीपर्यंत जातो."

हा धुरी. उंचीने बेताचा, टेरिकॉटचा शर्ट, पायात रबरी चपला आणि बोटात किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. मूळचा मालवणकडचा. मुंबईत गिरणीत होता. संपानंतर गिरणी गेली आणि हा एजंट झाला.

झाला तोही नेमका मंदीच्या तोंडावर. त्या वर्षी फ्लॅटचा बाजार पार झोपला होता. आजूबाजूच्या अर्ध्या इमारती नुसत्या खांबांवर उभ्या होत्या आणि वर निघालेल्या सळ्या गंजत होत्या. स्टेशनरोडवरच्या एका एजंटाने बोर्ड उतरवून झेरॉक्सचं मशीन टाकलं होतं, दुसरा लॉटरीची तिकिटं विकत होता. आणि अशा दिवसांत आमचा धुरी दाराशी आलेलं गिऱ्हाईक पसंत नाही म्हणून परत पाठवत होता!

"भिंती बिल्डर बांधतो," तो म्हणायचा, "शेजार मी बांधतो."

त्याचं म्हणणं असं की, एकाच साच्यातली माणसं भरली की बिल्डिंगची वाट लागली. सगळेच सज्जन असले तर पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसात जाणार कोण? म्हणून भांडणारं एक पाहिजे. फोनवालं एक पाहिजे. दुपारी घरात असणारी एक म्हातारी पाहिजे, म्हणजे शाळेतून आलेली पोरं जिन्यात बसत नाहीत. "आणि एक उसनं मागणारं घर पाहिजेच," तो बजावून सांगायचा. "कोणी कोणाकडे वाटीभर साखर मागितलीच नाय, तर दरवाजे उघडतील कशाला?"

दुसऱ्या मजल्यावरच्या कर्णिकबाई त्याने वाकोल्याला रेशनच्या रांगेत हेरल्या. बाई दुकानदाराच्या वजनकाट्यावरून त्याचे वाभाडे काढत होत्या. धुरी स्वतःचं रॉकेल तिथंच सोडून त्यांच्या मागोमाग घरापर्यंत गेला आणि दारात हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी जागा बघून ठेवलीय." त्यावर बाई त्यालाही बोलल्या. धुरी भलताच खूश झाला.

सगळेच अंदाज काही बरोबर आले नाहीत. मोठ्या कौतुकाने त्याने पहिल्या मजल्यावर एक डॉक्टर आणून बसवले. ते गुरांचे डॉक्टर निघाले. "ताप तो ताप, साहेब," धुरीने मलाच समजावलं. "माणसाचो काय नि म्हशीचो काय!" पुढे माझ्या मुलाला गोवर आला तेव्हा त्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर अशी काही थाप मारली, की पोरगं दचकून उठून बसलं.

राहायला आल्यावर एकदा मी त्याला विचारलं, "धुरी, मला काय म्हणून घेतलंत?"

"तुमका? तुम्ही ऐकून घेणारे," तो म्हणाला. "असा एक लागतोच."

खरं सांगायचं तर मला जरा लागलंच. निदान 'शिकलेले' तरी म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. पण तेव्हापासून सगळी बिल्डिंग संध्याकाळी माझ्याच घरात येऊन बोलते हेही खरं, आणि मला ते आवडतं हे त्याहून खरं.

धुरीही यायचा. एकदा बोलता बोलता त्याने लालबागच्या खोलीची गोष्ट सांगितली. एका खोलीत सगळ्या गावाचे पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. रात्रपाळीचे उठले की दिवसपाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे. कोणी सगळ्यांची पत्रं लिहायचा, कोणी भजनाला पेटी वाजवायचा, एक जण फक्त मुकादमाशी भांडायचा.

"झकास चाललेलं," धुरी म्हणाला. "मग संप झालो. लांबलो. एक एक जण गावाक गेलो. मी सगळ्यांत शेवटी राहिलो, कारण खोलीची किल्ली माझ्याकडे होती."

"मग तुम्ही का नाही गेलात गावी?"

"तिथं आई होती. रिकाम्या हातान तिच्यासमोर कसो जाऊ?" एवढंच तो म्हणाला आणि उठला. आता कुठे राहता असं विचारलं की "हितंच, जवळ" म्हणायचा. आम्हीही कधी जास्त चौकशी केली नाही.

बिल्डिंगमधले सात-आठ फ्लॅट काही केल्या जाईनात. बिल्डर रोज येऊन डोकं धरून बसायचा. अशात काळबादेवीचा एक कापडवाला आला. राहिलेले सगळेच फ्लॅट एकदम घेतो म्हणाला. राहणार कोणीच नव्हतं. कुलपं घालून ठेवायची, भाव चढले की विकायचे. बिल्डरने तिथल्या तिथे पेढे मागवले. धुरीला आयुष्यात मिळाली नव्हती एवढी दलाली त्या दिवशी मिळणार होती.

आणि धुरी माझ्याकडे येऊन डोळ्यांत पाणी आणून सांगतो, "साहेब, अर्धी बिल्डिंग कुलपांची होणार. कुलूप काय साखर मागूक येतला?"

सौदा मोडायची त्याची छाती नव्हती. त्याने एवढंच केलं, की कापडवाल्याला जागा दाखवायला नेमका पाण्याचा टँकर येण्याच्या वेळी आणला. त्या वेळी कर्णिकबाई गेटावर असतात आणि टँकरवाल्याला झाडून झालं की चांगल्याच रंगात आलेल्या असतात.

"माणसं किती येणार राहायला?" बाईंनी कापडवाल्याला विचारलं.

"राहायला कोणी नाही."

"अस्सं! मग जिन्यातला दिवा, वॉचमन, पंपाचं बिल कोण भरणार? तुमची कुलपं?" इथून जी सुरुवात झाली ती टँकर रिकामा होईपर्यंत. कापडवाला पेढा न घेताच रिक्षात बसला.

बिल्डरला सगळं कळलं. "धुरी, तेरे को धंदा करने को रखा था, समाजसेवा करने को नहीं," तो सगळ्यांसमोर ओरडला, आणि किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला.

त्या संध्याकाळी कर्णिकबाई आमच्याकडे बसून आपल्या विजयाची कथा तिसऱ्यांदा सांगत होत्या. दारात धुरी उभा राहिला. हातात पत्र्याची ट्रंक, काखेत वळकटी. तेव्हा आम्हाला समजलं, की पंपाशेजारचा जो तळमजल्याचा फ्लॅट आवाजापायी कोणी घेत नव्हतं, त्यात सिमेंटच्या गोण्यांशेजारी हा माणूस इतके दिवस झोपत होता. आमचे चेहरे उतरले.

"जातंय," तो म्हणाला. "पंप पहाटे कोणीतरी आठवणीने लावा." मग तो उंबऱ्याशीच घुटमळला. "साहेब, एक विचारू? आपलं सहज. मी गिऱ्हाईक म्हणून आलो असतो, तर ह्या बिल्डिंगीत काय म्हणून बसलो असतो? भांडूक येत नाय. फोन नाय. घरात माणूस नाय. मी लय विचार केला. माझी जागा काय निघत नाय."

मी उठून त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"काय म्हणून म्हणजे?" कर्णिकबाई कडाडल्या. "माणसाने नेहमी काहीतरी म्हणूनच राहायचं की काय? आमचे हे काय म्हणून राहतात? दिवसभर पेपर वाचतात आणि चहा मागतात. राहतातच ना? तुम्हीही राहा. बिल्डरकडे तुमची दलाली अडकलीय, तिच्यापोटी तो पंपाजवळचा फ्लॅट देतो की नाही ते उद्या बघतेच मी. उरलेले पैसे हप्त्याने द्या. ट्रंक ठेवा खाली!"

बिल्डर हरल्यातच जमा होता.

धुरी मात्र ट्रंक घट्ट धरून तसाच उभा. शेवटी माझी बायको पुढे झाली आणि तिने त्याच्या काखेतली वळकटी काढून आत नेऊन ठेवली. धुरी मान वर करून आमच्या छताकडे बघत राहिला.

"हितं जरा ओल धरलीय, वहिनी," तो बाहीने चेहरा पुसत म्हणाला. "बिल्डरला सांगून काढून घेऊ."

आमचं छत अगदी कोरडं होतं.