डोरिस कुठे बसणार?

आमच्या हॅझलब्रिजमध्ये आपटेकाकांना पत्ता विचारायची चूक फक्त नवा माणूस करायचा. "सरळ जा, धान्यबाजाराच्या इमारतीपाशी डावीकडे वळा," असं ते ठणकावून सांगत. ती इमारत काका इंग्लंडात यायच्या आधीच पाडलेली. तिथे पेट्रोल स्टेशन होतं. पण काकांच्या लेखी ते पेट्रोल स्टेशनच उपरं!

काका मूळचे सांगलीचे, इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. निवृत्त झाले तरी माणसं झोपवायची सवय सुटली नव्हती. आता ते इतिहास सांगून झोपवत. माझ्या सासूबाई भारतातून लंडन बघायला आल्या, तर काकांनी त्यांना कार पार्कमध्ये तासभर उभं केलं. "इथे काय होतं, सांगा बघू?" मग तिथे नसलेला कातडी कमावण्याचा कारखाना त्यांना खोलीन् खोली दाखवला. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "अगं, मला वाससुद्धा आला!"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कौन्सिलने ठरवलं, लोखंडी छपराची जुनी मंडई पाडायची आणि तिथे शॉपिंग सेंटर बांधायचं. लोकांना समजावून सांगायला सभा बोलावली. टेबलावर सेंटरचं मॉडेल; इवलीशी झाडं, इवलीशी माणसं, सगळं चकाचक. एक तरुण साहेब काठीने दाखवत होता. काका उठले, तरातरा टेबलापाशी गेले, खिशातून एक छोटा बटाटा काढला आणि मॉडेलच्या मधोमध ठेवला.

"धिस इज डोरिस," ते म्हणाले. "यंग मॅन, वेअर विल डोरिस सिट?"

सभागृहात हशा पिकला. मंडईत वर्षानुवर्षं भाजी विकणारी, फुलाफुलांचा एप्रन बांधणारी, सगळ्या गावाला 'लव्ह' म्हणणारी डोरिस मागच्या रांगेत लाजून लालेलाल झाली.

त्या दिवसापासून काका कौन्सिलच्या मागे हात धुऊन लागले. इतके, की त्यांना दारात बघताच रिसेप्शनवरची मुलगी चहाचं पाणी ठेवायची. मंडई काही वाचली नाही. पण सेंटरच्या दाराबाहेर दर शनिवारी डोरिसने हातगाडी लावावी, एवढं मात्र त्यांनी पदरात पाडून घेतलं.

पहिल्या शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला. "सुधा, चांगली साडी नेस. डोरिसची ओटी भरायची आहे."

"अहो काका, ओटी? आणि तिचा नवरा तर..."

"मला शास्त्र शिकवू नकोस. माझ्या घरात आता बाईमाणूस नाही, म्हणून तुला सांगतोय."

शालिनीकाकू त्या सभेच्या थोड्याच आधी गेल्या होत्या. मी निमूट साडी नेसले.

गाडीत काका प्रथमच एकाही इमारतीबद्दल बोलले नाहीत. "ही इथे आली तेव्हा तिला धड इंग्रजी येत नव्हतं," ते म्हणाले. "मी कायम ऑन कॉल. शनिवारी सकाळी डोरिसकडे जायची – हे मला ती गेल्यावर कळलं – ती जेवायच्या वेळेला परत. हसत यायची गं! या देशातलं तिचं माहेर ते. मी आपला पेपर वाचत बसायचो."

भर रस्त्यात डोरिसने एप्रन पसरला. मी तांदूळ, नारळ, खण घातला. "याचं मी काय करू, लव्ह?" तिने खण उलटापालटा करत विचारलं. "काहीही कर, पण इथून हलू नकोस," काका म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी हळूच विचारलं, "डोरिस, ती माझ्याबद्दल काय म्हणायची?"

डोरिसने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणायची, माझ्या नवऱ्याला या गावातली वीट न् वीट ठाऊक आहे. फक्त मी शनिवारी कुठे असते, ते त्याने कधी विचारलं नाही."

मी हादरलेच. पण काका खो खो हसत सुटले. "करेक्ट! अगदी तिचंच वाक्य!" हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

हातगाडीमागचा रिकामा खोका त्यांनी ओढला, उलटा घातला आणि वर बसले.

"गो ऑन, डोरिस," ते म्हणाले, "आणखी काय काय म्हणायची?"