हिरव्या बिल्ल्यांचे दालन

आदौ नमन त्या अदृश्य जंतूस, जो राव पाहत नाही, रंक पाहत नाही, आणि ज्याची ओळख पटते ती रोगी गेल्यावरी. शके १९४४, शुभकृत नाम संवत्सरी, एके राज्यी वर्तमान वर्तले ते ऐसे. थोरले रुग्णालयी शस्त्रक्रिया उत्तम होत आणि मग जखमा चिघळून माणसे मरत. प्रधानजींनी शोध केला, तो वैद्यमंडळी एका खाटेवरून दुसरे खाटेस हात न धुताच जातात ऐसे कळले. मग दूरदेशीहून यंत्र आणविले. वैद्यांनी छातीस बिल्ला लावावा, हात धुण्याचे कुंडावरील यंत्राने तो ओळखावा, हात धुतले की बिल्ला प्रहरभर हिरवा राहावा, न धुतले तर तांबडा व्हावा, आणि ज्या दालनाचे बिल्ले हिरवे त्यास दरबारी मानाची वस्त्रे द्यावी, ऐसा ठराव जाहला.

एके दालनी अंबूबाई मुख्य परिचारिका, मोठ्या करड्या. पहिलेच महिनी त्यांचे दालनाचे बिल्ले तांबडे निघाले आणि भर दरबारी मान खाली घालणे प्राप्त जाहले. वैद्यराज त्रिंबकपंतांस हात धुवा म्हणावे कोणी? मांजराचे गळ्यात घंटा बांधण्याचाच तो प्रकार. तेव्हा बाईंनी युक्ती काढिली. वैद्यांनी बिल्ले खुंटीस अडकवावे, आणि बाईंनी प्रहरोप्रहरी ते सारे गळ्यात घालून सर्वांचे वतीने आपलेच हात धुवावे. मग काय विचारता, दालन हिरवेगार जाहले, वस्त्रे मिळाली, आणि बाईंचे हात सोलवटले. बाईंस याचा अभिमान वाटला, हे लपवून काय उपयोग.

पुढे श्रावणमासी बाईंचा एकुलता पुत्र सखोजी पोटशूळाने बेजार जाहला, आणि बाईंनी हौसेने त्यास आपलेच दालनी आणिले. पंतांनी पोट उघडून काम सुबक केले. दुसरे दिवशी प्रधानजींचे पाहणीदार येणार, म्हणून बाईंनी पहाटेच बिल्ले हिरवे करून ज्याचे त्याचे छातीस लाविले. पाहणीदार आले, पंत फेरीस निघाले, शेजारचे खाटेवरील पुवाची जखम चाचपिली आणि तैसेच सखोजीचे पट्टीस हात घालू लागले. तो बाई आडव्या उभ्या राहून म्हणाल्या, "पंत, आधी हात धुवा."

पंत रागावले नाहीत. छातीवरील बिल्ला बोटाने दाखवून बोलिले, "बाई, हिरवा आहे. की यंत्र खोटे म्हणता?"

पाहणीदार बाईंचे तोंडाकडे पाहू लागले. खरे बोलावे तर दालनाची अब्रू जाते आणि आपली चाकरीही. मग बाई बाजूस जाहल्या.

तिसरे दिवशी सखोजीस ताप भरला, जखम फुगली, आणि आठवडा भरला नाही तो पोर गेला. चौकशी बसली. यंत्राने साक्ष दिली की सर्वांचे हात निर्मळ होते, सबब रोग्याची प्रकृतीच नाजूक. मग बाई स्वतः प्रधानजींकडे गेल्या आणि खुंटीची सारी हकीकत त्यांचे कानी घातली. प्रधानजींनी ती शांतपणे ऐकिली, पाणी देवविले आणि म्हणाले, "पुत्रशोकाने तुमचे चित्त ठिकाणी नाही. घरी जाऊन विश्रांती घ्या." दुसरे दिवशी ती खुंटी दुसरे परिचारिकेचे हवाली जाहली.

येणेप्रमाणे राज्यी स्वच्छता नांदू लागली. दालनास वस्त्रे पुनश्च मिळाली, शेजारचे राजांनी यंत्रे मागविली. अंबूबाई घरी असतात. कोणी जेवावयास बसले की त्याचा हात धरून कुंडाकडे नेतात, म्हणून लोक त्यांस वेडी म्हणतात.