ओढ्यापलीकडचे सदस्य

गुरप्पाअण्णा ग्रामपंचायतीच्या सभेला आले की चपला काढायचे, हात वर करायचे आणि बूड टेकण्याआधीच सभा बेकायदेशीर ठरवायचे. कारण एकच. "मला नोटीस घरी बजावली न्हाय."

मग सभा आहे हे कळलं कसं, असं सरपंचांनी विचारलं की म्हणायचे, मी सभेला आलोच नाही, फक्त हरकत घ्यायला आलोय. घ्या!

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी दक्षिण सोलापुरातल्या त्या गावी ग्रामसेवक होतो. गाव ओढ्याच्या अलीकडे आणि अण्णांची वस्ती पलीकडे तीन मैलांवर, थेट शिवेला टेकलेली. त्यांची म्हैस आमच्या हद्दीत उभी राहून शेजारच्या गावचा कडबा खायची. अण्णा म्हशीशी कानडीत बोलत, माणसांशी मराठीत आणि आमच्याशी कायद्यात.

आमचा शिपाई बाबूलाल. त्यानं एकदा मंद्रूपच्या बाजारात अण्णांना गाठून नोटीस पुढे केली, तर हे कांदे निवडत राहिले. सही करतील तर शपथ. नोटीस घरीच बजावायची, हाच हेका. मग दर नोटिशीला बाबूलाल सकाळी वस्तीवर जायचा तो दिवस कलल्यावर उगवायचा. माझं डोकं फिरायचं.

शेवटी पुढच्या नोटिशीत मी चौथा विषय घातला: ओढ्यापलीकडील सदस्यांस नोटीस बाजारात देणेबाबत. ओढ्यापलीकडे सदस्य एकच. कशी जिरवली, म्हणून मी खूश. नेमका बाबूलाल तापानं झोपला आणि ती नोटीस घेऊन मलाच सायकल हाणावी लागली.

वस्तीवर अण्णा कोट घालून, पटका बांधून वाट बघत होते. सभा महिनाअखेरीची, त्यामुळे नोटिशीचा दिवस त्यांना पाठ. अंगण सारवलेलं, घोंगडी अंथरलेली, दोन कपबश्या धुऊन ठेवलेल्या. घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको दुष्काळात गेली, म्हणाले. दोन वर्षं गावात काढून मला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटली.

चहा ओतून अण्णांनी नोटीस वाचायला घेतली. चौथ्या विषयावर बोट थांबलं. तरी खाली सही केली, ठसठशीत.

"बरूबर हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "बाबूलालचं पाय दुखत्यात. पर मग हितं कोन येनार हो?"

खिशातलं पेन काढून मी चौथा विषय आडवा खोडला.

अण्णांनी चष्मा पुसला आणि कागद माझ्या हातात परत दिला. "खाडाखोड झाली की. नवी नोटीस लागंल."

"उद्या आणतो," मी म्हणालो, आणि रिकामा कप पुन्हा पुढे केला.