सुगंधाबाईच्या हिरव्या मासोळ्या

"हे काय सडून राह्यलं घरात?" नाकावर दुपट्टा धरून मुखरूनं विचारलं.

सुगंधाबाईनं मान वर केली नाही. ती पडवीत उकिडवी बसून निळ्या प्लास्टिकच्या ड्रमच्या झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळत होती. ड्रममध्ये भाताचा कोंडा होता, कोंड्यात सिरका आणि मीठ कालवलं होतं, आणि त्या आंबट अंथरुणावर तिनं स्वतः ठोकून घडवलेल्या तांब्याच्या मासोळ्या निजल्या होत्या.

"सडून नाई, रंगून राह्यलं," ती म्हणाली. "झाकणाले हात नोको लावू. आतली वाफ गेली का रंग गेला."

"कोणता रंग?"

"हिरवा. जरासा निळाबी. शेवाळावानी."

मुखरू बायकोकडे बघतच राहिला. "तुह्या मायनं जलमभर चिंच घासून तांब्याच्या गुंडाचा हिरवा काढला. न् तू सिरका ओतून चढवून राह्यली?"

"तिले गुंडातलं पानी प्याचं होतं. मले मासोळ्या विकाच्या हायेत."

चंद्रपूरच्या एका हॉटेलवाल्यानं बचत गटाच्या चकचकीत मासोळ्या बघून नाक मुरडलं होतं. "बाई, ह्या भिंतीवर लावल्या तर लोकांना भांड्यांचं दुकान वाटेल," तो म्हणाला होता. "आत्ता पाण्यातून काढल्यासारख्या दिसतील, अशा देता आल्या तर बोला." गटातल्या बाया निमूटपणे पापडाकडे वळल्या. सुगंधाबाई मात्र मासे धरणाऱ्या ढिवराची लेक. तळ्यातून निघालेली मरळ कशी दिसते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. उन्हाळाभर तिनं तांब्याच्या तुकड्यांवर खटपट केली. कधी रंग काळा पडला, कधी बोटाला लागून आला, कधी आलाच नाही. पण या खेपेला ड्रम जमला होता. रविवारी संध्याकाळी हॉटेलवाल्याची गाडी येणार होती.

अडचण एकच होती. गाव वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठावर. पलीकडे सावली गावात दारू उघड मिळायची, अलीकडे बंदी. आणि बंदी असलेल्या गावात, बंद ड्रममधून, आंबट वास.

संध्याकाळी दारूबंदी समितीच्या बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पुढे देवकाबाई, हातात मुसळ. सुगंधाबाई मागे न्हाणीत होती, म्हणून दारात मुखरू सापडला.

"भाऊ, ड्रममंधी काय हाय?"

"मासोळ्या."

"बंद ड्रममंधी मासोळ्या काय करते?"

मुखरू गडबडला. "त्यायले... चढून राह्यला."

"मासोळ्यायले चढून राह्यली?" देवकाबाईनं बायांकडे वळून बघितलं. "आयकलं का वं?"

"रंग! रंग चढून राह्यला म्हनतो मी!"

तेवढ्यात सुगंधाबाई ओल्या हातानंच बाहेर आली. मुसळ बघितलं, बाया बघितल्या, आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. कारण या समितीची अध्यक्ष तीच होती. वास आला की ड्रम उघडायचा, घर कोणाचंही असो, रडणं-भेकणं ऐकायचं नाही, हा नियमही तिनंच भर सभेत टेबलावर हात आपटून केला होता.

"देवकाबाई, उद्यापर्यंत थांब. आत्ता उघडला तं रंग कच्चा राह्यते."

देवकाबाईची मान खाली गेली, पण मुसळ खाली गेलं नाही. "बाई, मांगच्या खेपी लच्छूची मायबी म्हने, उद्या उघडा, लोनचं मुरून राह्यलं. आपुन आयकलं होतं का?"

ऐकलं नव्हतं. सुगंधाबाईनं स्वतःच चिकटपट्टी फाडली आणि झाकण काढलं. सिरक्याचा भपका असा उठला की पुढची फळी दोन पावलं मागे सरली. कोंड्यात हात घालून तिनं एकेक मासोळी बाहेर काढली. दोन-तीन खरूज झाल्यासारख्या चट्ट्यापट्ट्याच्या निघाल्या. पण बाकीच्यांवर रंग धरला होता, आणि थोरली मरळ तर अशी हिरवी-निळी निघाली की सुगंधाबाईचा राग तिथंच विरला.

बाया मात्र शरमेनं अर्ध्या झाल्या. देवकाबाईनं मुसळ पदराआड लपवलं, पण मुसळ पदराहून लांब होतं.

दुसऱ्या दिवशी मासोळ्या सुपात वाळत घालून सुगंधाबाई मेण आणायला गडचिरोलीच्या बाजारात गेली. तांबं कोमट करून मोहोळाचं मेण चोळलं की रंग टिकतो, नाहीतर हात लागेल तसा झडतो, हे ती आता अनुभवानं शिकली होती.

मेण घेऊन परतली, तर अंगणात समिती बसलेली. सगळ्यांचे चेहरे प्रसन्न. मुखरूचा तर सगळ्यात जास्त. सुपातून असा लखलखाट येत होता की तिला डोळ्यांवर हात धरावा लागला.

"बाई," देवकाबाई गहिवरून म्हणाली, "आमच्या हातून चूक झाली, रंग कच्चा राह्यला. म्हून सकाळपासून बसलो न् सगळ्या घासून काढल्या. एका मासोळीवर हिरवा ठेवला नाई!"

"चिंच मी देल्ली," मुखरूनं आपला वाटा सांगितला. "कच्चा रंग ठेवून काय करतं, म्हनलं."

सुगंधाबाई पडवीच्या पायरीवर बसली. बराच वेळ ती त्या लालसर चकचकीत मरळीकडे बघत होती. बायांना वाटलं, आनंदानं बोलवत नाही. मग ती उठली आणि पदर खोचला.

"मुखरू, कोंडा आन."

"आता? रविवार तं—"

"कोंडा आन म्हनली ना! देवकाबाई, तू मीठ आन. न् त्या चिंचीचं गाडगं नदीत फेकून ये."

कळलं तेव्हा बायांच्या तोंडचं पाणी पळालं. पण यावेळी ड्रम एकटा राहिला नाही. पाळ्या लावून बाया त्याच्याभोवती बसल्या. कोणी तांदूळ निवडले, कोणी सून कशी वागते ते सांगितलं, पण झाकणाकडे कोणाचं बोट फिरकलं नाही. मुखरूला तर पडवीत यायलाच बंदी झाली.

रविवारी सकाळी फटफटी वाजली. चौकीचे जमादार आले होते. या जमादारांना फोन करून करून समितीच्या बायांची बोटं झिजली होती, तेव्हा ते कधी कामात असत, कधी रस्त्यात. आज मात्र बोलावल्याबरोबर हजर. त्यांच्या मागच्या सीटवरून डोमा उतरला. गेल्या महिन्यात समितीनं ज्याची मोहाच्या दारूची मडकी फोडली, तोच हा डोमा.

"साहेब, हाच तो ड्रम," डोमा म्हणाला. "गरिबाची फोडते न् सोता दारूचा सडवा घालते. कायदा सगळ्यायले सारखा पायजे का नाई?"

जमादार पुढे झाले. देवकाबाई आडवी झाली, तिच्यामागे सगळ्या बाया. "ड्रमले हात लावून तं पाहा!"

"बाई, तपासणी करू द्या."

"दुपारी करा. अजून पिकला नाई."

"पिकला नाई? म्हणजे सडवाच ना!"

प्रकरण हाताबाहेर चाललं, तशी सुगंधाबाई मधे आली. "साहेब, झाकन निंगनार नाई. पन चिकटपट्टीचा कोना उचलतो. ज्याले वास समजते, त्यानं नाक लावून सांगावं. दारूचा असन तं मले पैले न्या."

जमादारांनी इकडेतिकडे बघितलं. वास समजणारा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. डोमा वाकला. डोळे मिटून त्यानं एक दीर्घ श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. माणूस वैरी असला तरी धंद्याशी इमान राखणारा होता.

"नाई साहेब," तो तुच्छतेनं म्हणाला. "ही मोहाची नाईच. हा निस्ता खट्टा हाय. मोहाच्या सडव्याले कसा गोडूस वास रायते, आंगावर येनारा. तुमाले फरक पाह्याचा असन तं चला, माह्या गुराच्या कोठ्यात सकाळीच चार मडकी—"

तो थांबला.

"चार मडकी काय?" जमादारांनी विचारलं.

"रिकामी हायेत," डोमा म्हणाला. पण ते त्याचं त्यालाही पटलं नाही. तो पळाला, त्याच्यामागे जमादार, आणि त्यांच्यामागे मुसळ उगारून देवकाबाई.

"अध्यक्षबाई, येता ना?" शेवटच्या बाईनं फाटकातून ओरडून विचारलं.

"तुमी व्हा पुढं."

ऊन माथ्यावर आलं तेव्हा सुगंधाबाईनं झाकण काढलं. कोंड्यातून थोरली मरळ वर आली. पाठीवर गर्द हिरवी, पोटाकडे निळसर, जणू तळ्यातून जाळ्यात येऊन अजून धापा टाकणारी. तिनं ती हलक्या हातानं धुतली, वाळवली, निखाऱ्यावर कोमट केली आणि मेण चोळायला घेतलं.

डोमाच्या वाडीकडून मडकं फुटल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग बायांचा कालवा. मुखरूनं मान लांब केली.

"अवं, जाऊन पाहू का?"

"कपडा धर," सुगंधाबाई म्हणाली. "शेपटी राह्यली."