घरगुती संगणकावर विहीर न दिसल्यास

विहीर आहे की नाही हे विहिरीकडे पाहून ठरवू नये, असा आदेश निघाला, त्याला कारण होते. त्या वर्षांत वऱ्हाडात मदतीच्या योजना एकीमागून एक येत होत्या आणि अधिकारी जातीने जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी विहिरी पाहून आले होते. पुढे चौकशी झाली तेव्हा त्यांतल्या पुष्कळ विहिरी जागेवर नव्हत्या. चौकशी समितीने बराच विचार करून दोष डोळ्यांचा आहे असा निष्कर्ष काढला. डोळा फितूर होतो. चित्रफीत होत नाही. तेव्हा यापुढे प्रत्येक विहिरीची चित्रफीत काढावी आणि पडताळणी अधिकाऱ्याने फक्त तीच पाहावी, विहीर पाहू नये, असे ठरले.

चित्रफिती पाहण्यासाठी अमरावतीच्या कार्यालयात एक संगणक आला होता. पण संगणकाला थंड खोली लागते, थंड खोलीला वेगळे मीटर लागते, आणि मीटरसाठी त्या खोलीची पडताळणी व्हावी लागते. म्हणून तूर्त लाभार्थ्याने आपली चित्रफीत आपल्या घरी, आपल्या संगणकावर अधिकाऱ्यास दाखवावी, अशी सोय करण्यात आली. ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांना काही अडचण आली नाही, कारण त्यांच्याकडे कोणी गेलेच नाही.

उस्मानभाईंच्या घरी संगणक होता. त्यांची मुलगी गजाला अमरावतीला संगणकाचेच शिकत होती. मोर्शीच्या अलीकडे त्यांचे गाव, घराला लागून संत्र्याची बाग, आणि बागेच्या तोंडाशी योजनेतली नवी विहीर. संगणक मागच्या खोलीत होता. त्याच्या मागे खिडकी होती आणि शेजारी परसदार. दोन्हींतून विहीर दिसत असे.

संत्र्याला ताण देतात. म्हणजे हिवाळ्यात पाणी तोडायचे, झाडाला तहानेने घाबरवायचे, पाने मलूल झाली की पाणी सोडायचे. घाबरलेले झाड फुलून येते. सारी कला वेळेची आहे. वेळ चुकली तर झाड फुलत नाही, वाळते. चित्रफीत काढणारा दिवाळीच्या आधी येऊन गेला, तेव्हा म्हणाला होता, "चाचा, आता विजेची तार आलीच समजा." उस्मानभाईंनी तसे समजले आणि ताण दिला. विहिरीत पाणी होते, मोटार बसली होती, खांब उभा होता. मधली तार तेवढी पडताळणीवाचून अडली होती. भाड्याचे डिझेल इंजिन लावले असते, तर अर्जदार स्वतःच्या बळावर ओलीत करू शकतो, म्हणून प्रकरण बाद झाले असते.

पाने मलूल झाली, त्याच सुमारास पडताळणी अधिकारी पंजाबराव आले.

लक्षण: आवाज येतो, चित्र येत नाही

पंजाबराव कर्तव्यदक्ष होते. फाटकापासून घरापर्यंत ते तोंडासमोर वर्तमानपत्र धरून आले, वाटेत विहीर दिसू नये म्हणून. त्यांचा तांत्रिक सहायक कुंदन त्यांना दंडाला धरून चालवत होता.

गजालाने संगणकावरचे क्रोशाचे झाकण काढले. कुंदनने चित्रफितीची चकती आत सरकवली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. आतून बादली पाण्यात पडल्याचा आवाज आला, कावळा ओरडला, आणि उस्मानभाई म्हणाले, "माहं नाव उस्मान. थे माही इहीर."

"कुठं आहे?" पंजाबरावांनी विचारले.

"मांगं आहे, साहेब," खरे उस्मानभाई म्हणाले. "या खिडकीतून पाहा ना."

"उस्मानभाई, खिडकीचं नाव काढू नका. माह्यावर कारवाई होईल. कुंदन, खिडकी लाव. पडद्यावर उजेड येऊन राह्यला."

खिडकी लावली. पडदा अधिक काळा दिसू लागला. कुंदनने चकती बाहेर काढली, तिच्यावर फुंकर मारली, सदऱ्याला पुसली, पुन्हा घातली. संगणक बंद करून चालू केला. पुन्हा बादली, पुन्हा कावळा.

"आवाज तं इहिरीचाच आहे ना, साहेब?" उस्मानभाई म्हणाले.

"रांजणाचाही असू शकते. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण ऐकू येणाऱ्या विहिरीले तार देता येत नाही."

गजाला म्हणाली, "सर, फाइल चांगली आहे. ती ज्या पद्धतीनं दाबून भरली, ती उलगडणारा कोडेक या संगणकात नाही. दुभाष्यासारखा असतो तो. मी अमरावतीहून आणते."

"दुभाषा सरकारमान्य आहे?"

"फुकट मिळते, सर."

"मग तर विचारूनच घ्यावं लागंन," पंजाबराव म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून परत गेले.

लक्षण: वीज नाही

उपाय: नाही.

लक्षण: चित्र उलटे दिसते

दुभाषा वापरण्यास हरकत नाही, पण त्याने भाषांतर करताना स्वतःची मते घालू नयेत, असे वरून कळले. तोवर बागेतली पाने सुरळीसारखी वळली होती. गजालाची आई बिस्मिल्लाबी बादलीने जमेल तितक्या झाडांना पाणी घालत होती. मोठ्या झाडाला बादली म्हणजे तापलेल्या तव्यावर शिंतोडा.

या वेळी चित्र आले. वर जमीन होती, खाली आकाश. वरच्या बाजूला विहीर लोंबत होती आणि तिच्या काठाला पाय चिकटवून उस्मानभाई खाली डोके करून सांगत होते की त्यांचे नाव उस्मान.

"ही विहीर नव्हे," पंजाबराव म्हणाले. "पाणी वर असलं म्हणजे टाकी. टाकीचं खातं वेगळं."

"पण साहेब, मी बी तं उलटा आहो!"

"तो तुमचा खासगी प्रश्न आहे."

गजाला दुभाष्याच्या खटपटीला लागणार, तोच कुंदनला उपाय सुचला. त्याने आणि उस्मानभाईंनी तो जड पडदा उचलून उलटा ठेवला, खाली उशी दिली. चित्र सुलटे झाले. विहीर खाली आली, आकाश वर गेले. बिस्मिल्लाबीने सुटकेचा निःश्वास टाकला.

पंजाबरावांनी मात्र चष्मा पुसला. "मोजणीत विहीर बांधावरच्या कडुलिंबाच्या उजवीकडे लिहिली आहे. इथं डावीकडं दिसून राह्यली. लिंबाच्या डावीकडं कोणाचं वावर आहे?"

लिंबाच्या डावीकडे डोमाजींचे वावर होते. ते झेंडू लावत आणि पावसावर विसंबून असत. त्यांना बोलावणे गेले.

"डोमाजी, ही विहीर तुमची का?"

"कोणती?"

"ही, पडद्यावरची."

डोमाजींनी वाकून पाहिले. "इहीर तं झकास आहे. पाणी किती टिकते?"

"बारमाही."

"मंग माहीच असंन."

"डोमाजीभाऊ!" उस्मानभाई ओरडले. "तुमी सोता माती काढाले आलते ना माह्या संगं!"

"आलतो ना. तवाच मनात येये, का बाप्पा, या खड्ड्याचा आपल्याले एवढा लळा काहून लागला." डोमाजी पंजाबरावांकडे वळले. "साहेब, आपलं काई मांगणं नाही. पण सरकार देऊनच राह्यलं तं नाही म्हनाव का?"

"सर, चित्र उभं उलटलं होतं," गजाला म्हणाली. "पडदा फिरवल्यानं त्याचं डावं-उजवं बदललं. दुसरं काही नाही. मी दुभाषाच नीट करते ना!"

"बाई, तुम्ही म्हणता ते शास्त्र झालं. मी नोंद करून राह्यलो." त्यांनी नोंद केली: विहीर डोमाजींची, उस्मानभाई तिच्या काठावर अनधिकृतपणे उभे.

बिस्मिल्लाबीला आता राहवले नाही. "अरे लोगो, झाड को देखो ना! डब्बे को क्या देखते बैठे!"

लक्षण: चित्राचे डावे-उजवे बदलले आहे

डावे-उजवे आरशात पुन्हा बदलते, हे कुंदनच्या ध्यानात आले. बिस्मिल्लाबीच्या माहेरहून आलेला आरसा समोरच्या भिंतीशी उभा केला. पंजाबराव पडद्याकडे पाठ करून बसले आणि आरशात पाहू लागले. उलटी फीत, उलटा पडदा आणि आरसा अशा तीन चुका एकमेकींना भिडल्या आणि विहीर जिथल्या तिथे आली. लिंबाच्या उजवीकडे. डोमाजींच्या तोंडून "गेली" एवढाच शब्द निघाला.

"दिसली!" पंजाबराव म्हणाले. "लिही, कुंदन, दिस—"

तेवढ्यात बिस्मिल्लाबी रिकामी बादली घेऊन परसदारातून आत आली. दार उघडे राहिले. आरशात पडद्याशेजारी दार आले, दारात अंगण, अंगणापलीकडे विहीर.

पंजाबरावांनी डोळे मिटले, पण उशीर झाला होता.

"दोन दिसल्या," ते खचून म्हणाले.

"एकच आहे, साहेब," उस्मानभाई म्हणाले. "एक तिचं चित्र, एक ते सोता."

"उस्मानभाई, त्यातली एक मी डोळ्यानं पाह्यली. कोणती ते आता शपथेवर सांगता येत नाही. पडताळणी बाटली." त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरले. "एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एकही विहीर पाह्यली नव्हती."

डोळ्यांनी विहीर पाहिलेल्या अधिकाऱ्याला काही काळ कोणतीही पडताळणी करता येत नाही, असा नियम होता. तो काळ संपेपर्यंत बाहेर उन्हाळा लागला. सुरळ्या झालेली पाने गळली. उस्मानभाई रोज सकाळी एखादी डहाळी वाकवून पाहत. ती वाकली की तिला सोडून देत, आणि मोडली की खिशात ठेवत.

लक्षण: काहीही नाही. चित्र व आवाज उत्तम

शेवटच्या खेपेला गजालाने कोणाचेच ऐकले नाही. तिने अमरावतीला सगळी फीत नव्याने उलगडून, नव्याने भरून आणली होती. कळ दाबली आणि पडदा उजळला.

आभाळ निळे होते. लिंब आपल्या जागी होता. विहिरीत पाणी लखलखत होते. उस्मानभाई पायांवर उभे होते आणि त्यांचे ओठ हलत तेव्हाच त्यांचे शब्द येत. मग कॅमेरा संथपणे बागेवरून फिरला. दिवाळीआधीची बाग होती ती. झाडे इतकी दाट की खाली काळोख. पान न् पान तेल लावल्यासारखे चमकत होते.

बिस्मिल्लाबी पदर तोंडाशी धरून उभी होती. "कित्ती हिरवी होती," ती म्हणाली, आणि मग तिला पुढचे पाहवले नाही.

पंजाबरावांचेही डोळे ओले झाले. त्यांनी उठून उस्मानभाईंचा हात हातात घेतला. "विहीर मंजूर! मी सोता सही करतो."

"अन् तार, साहेब?"

"तार कायले?"

"पाण्याले. बागेले."

पंजाबरावांनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. "उस्मानभाई, जरा देवाले भिऊन बोला. एवढी हिरवीगार बाग! तारेवाचून अशी असंन, तर तारेची निकड कोठं आहे? मी कोणत्या तोंडानं लिहू?"

उस्मानभाईंनी खिशात हात घालून मूठभर डहाळ्या काढल्या आणि संगणकासमोर ठेवल्या. पंजाबरावांनी तत्परतेने मान फिरवली. पुरावा चित्रफितीतला नव्हता.

यानंतरही अडचण वाटल्यास

तार आली नाही. बागेतली लाकडे डोमाजींच्या बैलगाडीतून मोर्शीला गेली. डोमाजींनी भाडे घेतले नाही, ते नाही म्हटले तरी विहिरीचे माजी मालक होते. गजालाने शिक्षण सोडले नाही, पण संगणक अमरावतीला आपल्या खोलीवर नेला, कारण घरी त्याच्यावर पाहण्यासारखे एकच होते आणि ते कोणाला पाहवत नव्हते.

चित्रफीत मात्र इतकी स्वच्छ होती की कार्यालयाने तिला मागे संथ बासरी लावली आणि ती अमरावतीच्या सभागृहात दाखवली. पुढे ती पुण्या-मुंबईकडेही गेली. तिथे ती तुम्ही पाहिली आहे. जेवण झाल्यावर, पाय वर घेऊन. त्या दाट झाडांवरून कॅमेरा फिरला तेव्हा तुम्ही म्हणालात, "लोक उगीच ओरडतात. वऱ्हाड किती सुंदर आहे!" मुलांना खेडे दाखवायचे आहे, एक प्रत मिळेल का, असेही आपण कळवले होते.

प्रत पाठवली आहे. ती घरगुती संगणकावर चालते. मध्येच चित्र अडकले, तर आपण लगेच तक्रार कराल, याविषयी कार्यालयाच्या मनात शंका नाही.