चालत्या गाडीतला काळोख

चालत्या गाडीतला काळोख आजवर कोणालाही नीट उजळता आलेला नाही, असे काजव्याचे ठाम मत होते. आणि आपण ते करून दाखवू, हेही त्याने कोणी विचारलेले नसताना जाहीर करून टाकले होते. काजवा हे त्याला युनिटने ठेवलेले नाव. मुठीत मावतील एवढेच दिवे तो वापरी, आणि मोठा दिवा दिसला की कोणी कानाशी ढोल बडवावा तसा त्याचा चेहरा होई.

वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर त्याला छायाचित्रणाचे पहिले स्वतंत्र काम मिळाले होते. मिळाले होते म्हणजे अर्धेच. दिग्दर्शिकेने, जिला सगळे बाई म्हणत, स्वच्छ शब्दांत बजावले होते, की गाडीतला प्रसंग आज रात्री जमला तर अख्खा चित्रपट त्याचा. न जमल्यास उद्यापासून निर्मात्याचा चुलतभाऊ कॅमेरा सांभाळेल. या चुलतभावाची रीत अशी, की गाडी गोदामात उभी करायची, दोघांनी ती मागून गदागदा हलवायची आणि तिसऱ्याने दिवा घेऊन खिडकीशेजारून धावत सुटायचे.

"उभ्या गाडीत माणूस रडत नाही," काजवा संतापून म्हणाला होता. "उभ्या गाडीतून माणूस उतरून जातो."

आणि प्रसंगही नेमका तोच होता. नवरा गाडी चालवतो आहे, शेजारी बसलेली बायको उतरू दे म्हणते आहे, आणि तो थांबत नाही.

गाडी मिळाली भाऊजींची, म्हणजे काजव्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. परंतु गाडीतल्या विजेवर त्याचा भरवसा नव्हता. हॉर्न वाजला तरी दिवा डोळा मिचकावतो, असे म्हणत त्याने बहिणीच्या घरातली, वीज गेल्यावर पंखे फिरवणारी अवजड बॅटरीही उचलली. भाऊजी दारात उभे राहून हे पाहत होते.

"गाडी नेलीस, बॅटरी नेलीस," ते म्हणाले. "बहीण तेवढी राहू दे."

स्टिअरिंगमागे दिव्यांची एक बारीक पट्टी लपवली गेली, जणू गाडीचे काटेच उजळले आहेत. दुसरी काचेवरच्या, ऊन अडवायच्या फळीत, जणू चांदणे चुकून आत शिरले आहे. कॅमेरा समोर काचेखाली पक्का बसवला. बाई आणि बाकीचे लोक गल्लीच्या तोंडाशी थांबले, आणि काजवा मागच्या सीटपुढच्या खोबणीत, अंगावर काळे कापड ओढून, बॅटरीला लहान मुलासारखी कुशीत घेऊन आडवा झाला. रस्त्यावरचे दिवे कधीचे फुटलेले असलेली लांबलचक गल्ली त्याने मुद्दाम निवडली होती. बाहेर जराही उजेड नको, हा त्याचा हट्ट, म्हणून गाडीचे पुढचे दिवेही बंद.

पहिल्या फेरीत खिडकीच्या काचांत दिव्यांची भुते नाचली. काजव्याने कापडाखालून काचा खाली करायला लावल्या. दुसऱ्या फेरीत नायक कुरकुरला, की आत उजेड आणि बाहेर अंधार, त्यामुळे पुढचा रस्ताच दिसत नाही.

"रस्ता तुला दिसायची गरज नाही," कापड म्हणाले. "तू लोकांना दिसायला हवास. हळू चालव."

नायक लोकांना दिसत होताच, आणि फार दिसत होता. काजव्याच्या चाणाक्ष बुद्धीला एवढी एकच गोष्ट सुचली नव्हती, की काळ्याकुट्ट गल्लीतून उजळलेली गाडी मुंगीच्या पावलांनी नेणे म्हणजे सोन्याच्या दुकानाची काच चाकांवर बसवून फिरवणे. गच्चीगच्चीतून माणसे पाहत होती. आत एक पुरुष दातओठ खातो आहे, एक बाई हात जोडते आहे. आणि काचा खाली असल्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येतो आहे. तिसऱ्या फेरीला नायिकेने आवाज चढवून "गाडी थांबव, मला उतरू दे" म्हटले, तेव्हा एका फाटकातून एक स्कूटर निघाली. पुढे सेवानिवृत्त आजोबा, मागे छत्री रोखून आजी.

आरशात दिवा दिसला. पाठोपाठ अखंड हॉर्न. नायकाने घाबरून गाडी पळवली, चाक खड्ड्यात आदळले, आणि बॅटरीच्या डोक्यावरची वायर निसटली. गाडीत गुडूप अंधार झाला. काजवा कापडाखाली आंधळ्यासारखा चाचपडत, गाडी सावकाश घे, गाडी सावकाश घे म्हणून दटावत राहिला. त्याचे कोणी ऐकले नाही. स्कूटर पुढे गेली, गर्रकन वळून गाडीला सामोरी उभी राहिली, आणि ब्रेक करकचून लागले.

आजींनी दार उघडले. "उतर बाळ. आम्ही आहोत."

दोन फेऱ्यांत जिच्या डोळ्यांना ओल आली नव्हती, ती नायिका निमूट उतरली आणि आजींच्या खांद्यावर हमसून रडू लागली. आजोबांनी नायकाला लाजेविषयी विचारले.

"मी नट आहे," नायक कसाबसा म्हणाला.

"ते दिसतंच आहे," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात आजींची छत्री मागच्या काळ्या गाठोड्यात रुतली. "अहो, इथे आणखी एक दडलाय. वायरी घेऊन."

काजवा उठून बसला. केस विस्कटलेले, गालावर बॅटरीचा वळ, पण मान ताठ. आपण चोर नसून येथे चित्रीकरण चालले आहे, असे त्याने भारदस्त आवाजात सांगितले.

आजींनी त्या काळोख्या गाडीत डोके घालून पुढे पाहिले, मागे पाहिले. "लाईटशिवाय कसलं शूटिंग?"

त्याला कोणी अपहरण करणारा म्हटले असते तर त्याने सोसले असते. हे त्याला सोसवेना. त्याने वायर जागेवर दाबली. दोन्ही पट्ट्या हळूच उमलल्या, घड्याळाच्या काट्यावर साचावा तेवढा कोवळा, जपून जपून घडवलेला प्रकाश.

आजी खाली वाकल्या. "एवढासाच?"

बाई धावत आल्या, ओळखी झाल्या, आजोबांनी दिलगिरी व्यक्त केली. आजींनी केली नाही. गल्लीत आधी सांगायचे असते, एवढे त्या म्हणाल्या. नायक पुन्हा गाडीला शिवायला तयार होईना. चुलतभावाचे गोदाम काजव्याला डोळ्यांपुढे दिसू लागले.

त्याच रात्री बहिणीच्या दिवाणखान्यात सगळे चित्रण पाहायला बसले. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रकाश अप्रतिम होता आणि नायक हरवलेली किल्ली शोधणाऱ्यासारखा समोर वाकून बघत होता. तिसऱ्या फेरीत अंधार झाला. मग आरशातून उसळलेली स्कूटरच्या उजेडाची एकच तिरीप नायकाच्या भेदरलेल्या डोळ्यांवर आली, हलली, निसटली, परत आली. मागे वळून पाहणाऱ्या नायिकेच्या गालाची कड उजळली. शेवटी समोरून सगळा उजेड एकदम आत कोसळला, आणि दोघे उघडे पडले.

"चित्रपट तुझा," बाई म्हणाल्या. काजव्याने श्वास सोडला. "फक्त उरलेला प्रसंगही असाच हवा. सकाळी जाऊन त्या आजोबांना विचार."

"म्हणजे बॅटरी इथेच राहील ना?" भाऊजींनी विचारले.

सकाळी तो गेला तेव्हा आजोबा स्कूटरचा दिवा फडक्याने पुसत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, की शेवटी तो तिला उतरू देतो का. पटकथेत देत नव्हता.

"देतो," काजवा बाईंना न विचारता म्हणाला.

मग हरकत नाही, असे आजोबा म्हणाले. मागे आपण बसणार आणि छत्रीही घेणार, असे आजींनी बजावले. मग त्यांनी काजव्याला नखशिखांत न्याहाळले.

"आणि तुमचं यात काम काय?"

"प्रकाशयोजना," काजवा म्हणाला, शक्य तेवढ्या ताठ मानेने.

आजींनी स्कूटरकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिले.

"ती तर हे करतायत."